दही लागेना

शुक्रवारी सकाळी सहा वाजता देवचंद भंगाळे यांनी पातेल्यावरचं ताट उचललं आणि पातेलं जरा कलतं केलं. आतला ऐवज सरळ एका बाजूला धावत गेला.

"लता, हे दूध आहे."

"दही आहे ते," चुलीपुढून लताबाई म्हणाल्या. "रात्रीच विरजण लावलंय पोरीनं."

"मग हे धावतं कसं काय?"

लताबाई उठल्या, त्यांनी पळी बुडवली, वर काढली आणि पुन्हा बुडवली. पळीतून पडणारी धार कालच्या दुधाची होती तशीच होती. "थंडी आहे," त्या म्हणाल्या, "लागेल दुपारपर्यंत."

देवचंदला दुपारपर्यंत थांबा असं सांगणं म्हणजे वाहत्या पाटाला थांब म्हणण्यासारखं होतं. हा माणूस मुळातच स्वस्थ बसणारा नव्हे. सावद्याच्या केळी सोसायटीत तो कारकून होता. दिल्लीला जाणारे केळीचे वॅगन उशिरा लागले तर तो फलाटावर येरझाऱ्या घालायचा, आणि वेळेवर लागले तर आज हे वेळेवर कसे काय लागले म्हणून घालायचा. त्यात यावेळी गोष्ट केळीची नव्हती, लेकीची होती.

रविवारी हेमलताला बघायला धुळ्याचे पाहुणे येणार होते. मुलगा यशवंत, पाणीपुरवठा खात्यात ज्युनियर इंजिनीअर. आईबाप लहानपणीच गेलेले, त्यामुळे त्याला वाढवलं ते आत्याने, द्रौपदाबाईंनी. लग्नाचा शब्दही त्यांचाच चालणार होता. द्रौपदाबाई मुलीला चालून दाखव म्हणत नसत, सुईत दोरा ओवायला लावत नसत, शिक्षणाचंही विचारत नसत. मुलीने लावलेलं दही खात आणि त्यावरून ठरवत. गेल्या वर्षी नशिराबादची एक चांगली पदवीधर मुलगी त्यांनी पातळ दह्यापायी नाकारली होती. यावेळी मध्यस्थ गिरधर आबांनी निरोपच आणला होता, "जेवणात श्रीखंड ठेवा. चक्का घरचा पाहिजे, आणि दही पोरीच्या हातचं. बाजारचं आणलं तर बाईला वासावरून कळतं."

हेमलताला या स्थळाबद्दल कोणी विचारलं नव्हतं, पण तिचं उत्तर तयार होतं. जळगावला मामेबहिणीच्या लग्नात यशवंत पंगतीत जिलबी वाढत होता. तिने नको म्हणायला हात पुढे केला, तर त्याने हातावरच जिलबी ठेवली आणि पुढे गेला. फैजपूरच्या कॉलेजात ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या जर्नलमध्ये जिथे बेडकाची आकृती होती, त्याच पानात आबांनी आणलेला यशवंतचा फोटो गेले तीन आठवडे मुक्कामाला होता.

दूध आलं होतं समोरच्या सुकदेवकडून. गल्लीतल्या सगळ्या घरांना त्याच्याच म्हशीचा रतीब होता. पण मंगळवारपासून त्याने रतीब बंद केला. कोणी विचारलं की म्हणायचा, "देवचंदभाऊच्या घरी लेकीचं काम हाये, बठ्ठं दूध तिकडं देऊन र्‍हायलो." आणि खरोखरच तो सकाळ-संध्याकाळ भरलेली चरवी घेऊन यायचा. देवचंदने पैशाचं काढलं तेव्हा त्याने कानाला हात लावले.

"भाऊ, आपल्या गल्लीत लेकीच्या कामाले दुधाचे पैसे घेत नसतात. तुमी नेऊन घाला."

ही चाल खरीच होती. सुकदेवच्या बहिणीच्या लग्नात देवचंदने केळीचे घड असेच दिले होते. त्यामुळे त्याचे डोळे भरून आले आणि त्याने चरवी घरात नेली.

दुपारी बारा वाजता दूध दूधच होतं. देवचंद सोसायटीतून दोनदा घरी येऊन पाहून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा लताबाई म्हणाल्या, "तुम्ही सारखं ताट काढता म्हणून लागत नाही ते." यात तथ्य असेल असं वाटून तो दारातूनच परत फिरला आणि पुढचा अर्धा तास कोपऱ्यावर उभा राहून आता काढलं तर चालेल का याचा विचार करत राहिला.

संध्याकाळी घरात ठरलं की विरजण म्हातारं झालं असावं. नवीन विरजण आणायचं, पण ते दिवेलागणीच्या आत. दिवा लागल्यावर आपल्याकडे विरजण कोणी देत नाही, सख्ख्या बहिणीलाही देत नाही. पावणेसहा झाले होते. देवचंद वाटी घेऊन निघाला आणि दिसेल त्या दारात उभा राहत गेला. रतीब बंद असल्याने कोणाकडेच फारसं दही नव्हतं. तळाशी जे काही होतं ते बायांनी लेकीच्या कामाला म्हणून खरवडून दिलं. शेजारच्या कुंदाबाईंनी तर वाटीच पालथी केली.

"आता माह्या घरात नावाले बी विरजण नाई, भाऊ. उद्या तुमच्याकडचं दही लागलं की मले आधी द्या."

"आधी तुम्हालाच," देवचंद म्हणाला, आणि असंच तो पाच घरी म्हणाला.

राहिला थंडीचा प्रश्न. त्यावर देवचंदला जे सुचलं ते केळीच्या गावातल्या माणसालाच सुचू शकतं. सोसायटीच्या मागे गावातल्या बाजारापुरती केळी पिकवायची एक बंद खोली होती. तिथे धुरी देऊन उष्णता धरत. खोली सांभाळणारा भिकन आत आलेल्या पातेल्याकडे बघत राहिला.

"भिकन, इथं दही लागेल का?"

"साहेब, इथं हिरवी केळी दोन दिवसात पिवळी होते. तुमच्या दह्याचं काय घेऊन बसले?"

शनिवारी पहाटे भिकनने कुलूप काढलं तेव्हा देवचंद दारात होताच. केळी पिवळी झाली होती. पातेल्यातलं दूध पांढरं, पातळ आणि कोमट होतं, आणि त्याला पिकल्या केळीचा आणि धुराचा वास लागला होता. एवढ्या पाच घरच्या विरजणाचा मागमूस नव्हता. देवचंद ते पातेलं डोक्यावर घेऊन घरी आला. वाटेत तिघांनी त्याला विचारलं आणि त्याने तिघांनाही निरनिराळं उत्तर दिलं.

तोवर गल्लीत गोष्ट पसरलीच होती. भंगाळ्यांच्या घरी दही लागत नाही. कोणी म्हणालं नजर आहे, कोणी म्हणालं पातेलं बाटलंय. कुंदाबाईंनी आवाज खाली आणून लताबाईंना विचारलं, "पोरीच्या मनात तं नाई ना काही? तिले स्थळ नको असलं तं हाताले दही लागत नाई म्हणतात."

हे ऐकून हेमलता जर्नल छातीशी धरून आतल्या खोलीत गेली.

मग उपाय सुरू झाले. आलेल्या प्रत्येक बाईकडे एक उपाय होता आणि देवचंद कोणालाच नाही म्हणायच्या अवस्थेत नव्हता. सकाळच्या ताज्या दुधात चांदीचा रुपया पडला. मिरचीचे देठ पडले. एकीने चिंचोका टाकला. पातेल्यात आता दुधापेक्षा उपाय जास्त दिसत होते. शेवटी कोणीतरी लिंबू पिळलं आणि पातेल्यात पांढरे गोळे दिसू लागले. देवचंद हरखून म्हणाला, "लागलं, लागलं." लताबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि खाली बसल्या.

"फाटलंय ते," त्या म्हणाल्या.

"बाबा," हेमलता दारात येऊन म्हणाली, "आपण विरजण बदललं, जागा बदलली, पातेलं बदललं. दूध तेवढं एकदाही बदललं नाही."

"दुधाला काय झालंय? इतक्या प्रेमानं देतोय बिचारा."

"प्रेमाचं नाही म्हणत मी."

"हेमा, तू तुझा अभ्यास कर. इथं डोक्याला ताप आहे."

असं म्हणून देवचंदने सायकल काढली. फैजपूरला त्याची बहीण रुक्माबाई होती आणि तिच्या घरी सासूच्या सासूपासून चालत आलेलं विरजण होतं. जाताना वाऱ्याविरुद्ध, येताना हँडलला डबा. डबा सांडू नये म्हणून हळू चालवावी तर दिवे लागतात, आणि जोरात मारावी तर डबा सांडतो. घामाघूम होऊन तो गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा कुंदाबाईंच्या हातात काडेपेटी होती.

"कुंदाबाई, दोन मिनिटं," तो ओरडला. "दिवा लावू नका."

कुंदाबाई काडी हातात धरून उभ्या राहिल्या. देवचंद घरात शिरला, डबा लताबाईंच्या हातात गेला, आणि मग गल्लीत पहिला दिवा लागला.

त्या गडबडीत हेमलताने डब्यातलं दोन चमचे विरजण बाजूला काढलं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. तिने दोन वाट्या घेतल्या. एकीत सुकदेवचं दूध, दुसरीत गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या झुलालकडून पेलाभर आणलेलं दूध. दोन्हीत तेवढंच विरजण. वाट्यांवर खडूने 'सु' आणि 'झु' लिहून तिने त्या शेजारी शेजारी ठेवल्या.

रविवारी सकाळी रुक्माबाईंच्या खानदानी विरजणाचं पातेलंही वाहत होतं. देवचंद ओट्याला टेकून उभा राहिला. पाहुण्यांची गाडी बाराला पोचणार होती. हेमलताने काही न बोलता त्याच्यापुढे दोन वाट्या ठेवल्या आणि दोन्ही उलट्या केल्या. 'सु'मधलं दूध ओट्यावरून त्याच्या धोतरावर आलं. 'झु' उलटी असूनही तिच्यातलं दही जागचं हललं नाही.

"हे लागलं," देवचंद म्हणाला. धोतराचं त्याला काहीच वाटलं नाही. "मग हेच वाढू."

"वाटीभर दह्याचं श्रीखंड?" लताबाई म्हणाल्या. "पोर काय दाखवतेय ते तरी बघा."

बापलेक समोरच्या गोठ्यात गेले. सुकदेव म्हशीला पेंड चारत होता. हेमलताने गोठ्याच्या कुडात पाहिलं. तिथे प्लॅस्टिकच्या चार रिकाम्या नळ्या ओळीने खोचून ठेवल्या होत्या, काहीतरी कामाला येतील म्हणून. तिने एक काढून वाचली.

"सुकदेवकाका, म्हशीला काय झालंय?"

"कासेले दगडी झाली होती, पोरी. सूज आलती. ढोरांचा डाक्टर आला, त्यानं ह्या ट्युबा सडातून वर सोडल्या. आता बरी हाये."

"दुधाचं काही बोलले का ते?"

"बोलले ना. म्हणले, शेवटच्या ट्युबपासून आठ दिवस दूध विकू नका."

हेमलताने नळी बापाच्या हातात दिली.

"आणि तू आम्हाला देत होतास," देवचंद म्हणाला.

"दिलं ना, भाऊ. विकलं कुठी?" सुकदेवचा चेहरा अगदी स्वच्छ होता. "एक पैसा घेतला असंन तं सांगा. मी म्हटलं दूध फेकून द्याचं पाप कशाले, लेकीच्या कामाले लागू दे."

या माणसावर ओरडायचं तरी कोणत्या शब्दांत हे देवचंदला कळेना.

घरी आल्यावर त्याने हेमलताला विचारलं, "पण औषधाचा आणि दह्याचा संबंध काय? म्हैस बरी झाली ना?"

"म्हैस ज्या जंतूंनी आजारी होती ते औषधानं मेले, बाबा. हे पेनिसिलीन आहे. जंतू वाढताना अंगाभोवती भिंत बांधतो. हे औषध त्याला ती भिंत नीट बांधू देत नाही. मग तो आतून फुगतो आणि फुटतो."

"बरं झालं. फुटू दे."

"दहीसुद्धा जंतूच लावतात. विरजण म्हणजे जंतूच. औषध दुधात उतरलंय. त्याला काय माहीत की हा कासेतला वाईट आणि हा विरजणातला चांगला? दोघांच्या भिंती सारख्याच."

"उकळलं होतं ना आपण दूध."

"उकळून ते सगळं जात नाही."

देवचंद खाली बसला. भेंडाळलेल्या चेहऱ्याने त्याने 'झु' वाटीकडे पाहिलं. "म्हणजे मी पन्नास वर्षं रोज जेवणात जंतू खातोय?"

"हो."

"आणि हे तुला कालच माहीत होतं?"

"काल शंका होती. तुम्ही म्हणालात अभ्यास कर."

श्रीखंड आता होणं नव्हतं. झुलालकडून दूध आणून लताबाईंनी खीर चुलीवर ठेवली. पाहुण्यांना काय सांगायचं यावर मात्र नवरा-बायकोचं जमेना. देवचंदचं म्हणणं, खरं ते सांगून टाकू. लताबाई म्हणाल्या, "सांगा. पाहुण्यांच्या जेवणाला औषध दिलेल्या म्हशीचं दूध वापरत होतो असं सांगा. धुळ्यापर्यंत पोचेल." देवचंदला हेही पटलं. मग तो अंगणात गेला, परत आला, पुन्हा गेला. पाहुणे येईपर्यंत त्याने खरं सांगायचं सात वेळा ठरवलं आणि सात वेळा रद्द केलं.

द्रौपदाबाई बुटक्या, भक्कम आणि अत्यंत शांत होत्या. गिरधर आबा त्यांच्या मागून अदबीने चालत होते आणि त्यांच्या मागून यशवंत, ज्याने घरात शिरताच आतल्या दाराकडे पाहिलं आणि नंतर सगळा वेळ छताकडे. जेवण चांगलं झालं. भरताला आत्यांनी दुसऱ्यांदा हात लावला. मग खिरीची वाटी आली. त्यांनी ती पाहिली, बाजूला सरकवली आणि विचारलं, "शिरखंड?"

"थंडी फार पडलीय, अक्का," देवचंद म्हणाला. "दही नीट लागलं नाही."

गिरधर आबा जमिनीकडे पाहू लागले. यशवंतने छत सोडून आत्यांकडे पाहिलं.

"थंडी धुळामा बी शे," द्रौपदाबाई म्हणाल्या. "दही थंडीवर लागत नही, भाऊ. हातवर लागस. खोट ऱ्हास ती हातमा ऱ्हास."

दारामागे हेमलता उभी होती. तिने ते ऐकलं. देवचंदला तिचा चेहरा दिसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला फेऱ्या मारायचंही सुचलं नाही. तीन दिवस धडपडून लेकीच्या वाट्याला हे वाक्य आलं, याचं त्याला इतकं वाईट वाटलं की तो पाट सोडून उठला आणि विनाकारण पाणी आणायला गेला.

हात धुतल्यावर द्रौपदाबाईंनी आपली पिशवी जवळ ओढली. त्यातून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पितळी डबी निघाली. जशा कोणाच्या कनवटीला पानाची चंची, तशी यांच्याबरोबर ही डबी. "मनं विरजण. चाळीस वरीसनं शे. सकायले ताक नही भेटनं तं माले करमत नही, म्हनीसन बठ्ठीकडे संगे ऱ्हास." सोमवारी पहिल्या गाडीने परत जायचं होतं, मुक्काम इथेच होता. "दूध लया, पोरी. दही कसं लावतस ते मी दखाडस."

हेमलता स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर दोन भांडी होती. एकात झुलालकडचं उरलेलं दूध. दुसरी सुकदेवची चरवी, जी त्याने सकाळचा सगळा प्रकार होऊनही सवयीने आणून ठेवली होती. हेमलता दोन्हींपुढे थोडी थांबली. मग तिने चरवी उचलली.

देवचंदने चरवी ओळखली. तिच्या काठावर पोचा होता आणि पोटावर सुकदेवचं नाव कोरलेलं होतं. त्याने लेकीकडे पाहून डोळे मोठे केले, मान हलवली, खाकरला. हेमलताने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "आत्या, हे घ्या," ती म्हणाली.

द्रौपदाबाईंनी दूध कोमट करून घेतलं, बोटाने पाहिलं, डबीतलं विरजण घातलं, पातेल्याला स्वतःचं लोकरीचं धाबळं गुंडाळलं. डबी झाकण न लावता ओट्यावर राहिली.

"अगं, तिला आवर," देवचंद लताबाईंच्या कानात म्हणाला.

"मी नाही आवरत," लताबाई म्हणाल्या. "हातात खोट म्हणे."

त्या रात्री देवचंद किती वेळा उठला ते सांगण्यात अर्थ नाही. सकाळी सहाला तो स्वयंपाकघरात गेला तर द्रौपदाबाई आधीच तिथे होत्या. धाबळं सोडलेलं होतं. त्या पातेलं कलतं करत होत्या आणि दूध इकडून तिकडे धावत होतं. देवचंदने तीन दिवस जे केलं होतं तेच सगळं त्यांनी केलं. पळी बुडवली, काढली, पुन्हा बुडवली. मग त्यांनी चरवी हातात घेऊन तिच्यावरचं नाव वाचलं.

"हाई सुकदेव कोन शे?"

"समोरचा," देवचंद म्हणाला.

त्या उठून समोर गेल्या. देवचंद ओसरीवर उभा राहून बघत होता. सुकदेव हात हलवून काही सांगत होता. मग त्याने कुडातली नळी काढून दिली. मग तो छातीवर हात ठेवून बोलला, म्हणजे 'विकलं कुठी' पर्यंत गोष्ट आली होती. देवचंदने ओसरीच्या खांबाला धरलं. स्थळ गेलं, अब्रू गेली, आणि परतीची गाडी सुटायला अजून दीड तास होता.

द्रौपदाबाई नळी मुठीत घेऊन परत आल्या तेव्हा हेमलता चुलीपाशी होती. तिने एक वाटी त्यांच्यापुढे ठेवली. दही घट्ट होतं, वर पातळशी साय.

"हाई कोनी लायं?"

"मी. रात्री. तुमच्या डबीला लागलेलं विरजण पुसून घेतलं."

"आनि दूध?"

"झुलालकाकांच्या म्हशीचं. तिला औषध नाही."

आत्यांनी वाटी हातात घेतली, वाकडी केली. दही हललं नाही. "तुले माहीत व्हतं, त्या चरवीना दूधनं दही लागाव नही."

"हो."

"तरी माले तेच दिधं."

"हो." हेमलताने हातातली पळी खाली ठेवली. "तुम्ही म्हणालात खोट हातात असते. मला राग आला. म्हटलं तुमच्या हातालाही एकदा तेच दूध मिळू दे."

यशवंत दारात येऊन उभा होता. गिरधर आबा त्याच्यामागे. देवचंद पुढे झाला आणि एका दमात बोलायला लागला, "अक्का, चूक माझी. ट्युबा, म्हैस, पेनिसिलीन, तो जंतू भिंत बांधतो आणि मग फुगतो..."

"थांबा, भाऊ," द्रौपदाबाई म्हणाल्या. त्या पातेल्यातल्या दुधाकडे पाहत होत्या. "नशिराबादनी पोर रडनी व्हती. मन्हा पाय धरात तिनी मायनी. तठे बी कोनी म्हैसले काय देल व्हतं, मी इचारंच नही."

आत्यांनी बोटाने दही खाल्लं, आणि मग सगळी वाटी सावकाश संपवली.

"यशवंता," त्या म्हणाल्या, "हाई पोर मन्हासमोर बी बोलनी. घरमा तुनं काय व्हई, इचार करी ठेव."

"केलाय," यशवंत म्हणाला. एवढ्या दोन दिवसांत त्याने उच्चारलेला हा पहिला शब्द होता.

"मंग सुपारी आना, आबा."

देवचंद सुपारी शोधायला धावला. सुपारी कोनाड्यात समोरच होती, पण ती सापडायला त्याला घरात चार फेऱ्या माराव्या लागल्या.

जाताना द्रौपदाबाईंनी डबी पिशवीत न ठेवता हेमलताच्या हातात दिली. गाडी गेली आणि पाच मिनिटांत कुंदाबाई वाटी घेऊन हजर झाल्या. त्यांच्यामागे बाकीच्या घरच्या बाया, सगळ्यांच्या हातात वाट्या. देवचंदने पाचही घरी पहिलं विरजण कबूल केलं होतं, त्यामुळे दारात थोडी बाचाबाची झाली. हेमलताने रात्री त्या वाटीबरोबरच झुलालच्या दुधाचं एक छोटं पातेलंही लावलं होतं, त्यातलं दही तिने चमचा चमचा सगळ्यांना वाटलं, आणि धुळ्याचं विरजण सावद्याच्या गल्लीत घरोघरी गेलं.

देवचंद ओसरीवर बसला. त्याच्यापुढे लताबाईंनी दही-भाकरी ठेवली. तो दह्याकडे जरा जवळून पाहत होता, तेवढ्यात समोरून सुकदेव आला. त्याच्या हातात भरलेली चरवी होती.

"भाऊ, डाक्टरले विचारून आलो. त्यानं अजून चार दिवस सांगलेत."

"मग हे कोणाला आणलंस?"

सुकदेवने चरवी ओसरीच्या काठावर ठेवली आणि धोतराने हात पुसले. "आता तं सोयरीक बी जमली," तो म्हणाला. "म्हटलं, चार दिवस तुमीच घ्या."